झाडे मोजून झाली, आता चौरस फूट मोजा

कुंभमेळ्याला येणाऱ्या साधूंच्या वस्तीसाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, नाशिकच्या तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. उतरले हे चांगलेच झाले. पण त्या वादातून एक वाईट सवयही आपल्याला लागली आहे. पर्यावरणाचा कुठलाही विषय निघाला की आपण दोनच आकडे विचारतो : झाडे किती तोडली आणि किती लावली? गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, दिंडोरी रोड अशा तिन्ही अंगांनी शहराबाहेर सरकत गेलेल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या संकुलांबद्दलही आता हीच भाषा ऐकू येते. एक बाजू म्हणते, माळरानावर काँक्रीट ओतले. दुसरी बाजू पाच हजार रोपांचे फोटो आणि गच्चीवरची सौर पॅनेल दाखवते. दोघेही तळमळीने बोलतात आणि दोघांच्याही हातून मूळ हिशेब सुटतो.

विद्यापीठाचा परिसर पुढची पन्नास-साठ वर्षे किती कार्बन ओकणार हे त्याच्या बागेवरून ठरत नाही. किती चौरस फूट बांधायचे, विद्यार्थ्याने तिथवर कसे यायचे आणि बांधलेले सांभाळायला पैसा कुठून आणायचा, या तीन गोष्टींवर ते ठरते. या तिन्ही गोष्टी पहिला खड्डा खणण्याआधी बंद खोलीत ठरतात, आणि तेव्हा बाहेर कोणीही फलक घेऊन उभे नसते. वाद घालायची खरी वेळ ती आहे.

हिशेब करून पाहू. बांधकामाच्या साइटवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अंदाज असा की आरसीसी इमारतीला चौरस फुटामागे ०.४ गोणी सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई लागते. म्हणजे पन्नास हजार चौरस फुटांच्या एका शैक्षणिक इमारतीला वीस हजार गोण्या, अर्थात हजार टन सिमेंट, आणि दोनशे टनांच्या आसपास पोलाद. राखमिश्रित सिमेंट वापरले तरी टनामागे साडेसहाशे किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. पोलादाच्या टनामागे दोन टनांहून अधिक. विटा, फरश्या, काचा, लिफ्ट हे सगळे बाजूला ठेवले तरी आकडा हजार टनांच्या वर जातो. आता झाडांकडे या. चांगले वाढलेले झाड वर्षाला ढोबळमानाने वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते; रोपटे पहिली काही वर्षे त्याच्या जवळपासही जात नाही. त्या एका इमारतीची भरपाई करायला हजार झाडे पन्नास वर्षे जगवावी लागतील. आणि गच्चीवर १०० किलोवॉटचा सौर संच बसवला तर? आपल्याकडे एक किलोवॉट वर्षाला चौदाशे युनिटच्या आसपास वीज देतो आणि वीजजाळ्याच्या, म्हणजे ग्रिडच्या, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे वर्षाला जेमतेम शंभर टन. एक इमारत फेडायला दहा वर्षांहून जास्त. तोवर त्या संचाचा इन्व्हर्टर एकदा तरी बदलायला आलेला असतो.

झाडे लावू नका, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तपोवनाच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच होता की पन्नास वर्षांचे झाड म्हणजे निव्वळ कार्बनची गोणी नव्हे. त्याखालची सावली, ढोलीतले पक्षी, मुळांनी धरलेली माती हे सगळे दहा रोपांच्या बदल्यात मिळत नाही. तो मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच झाडाला बांधकामाच्या पापाची पावती बनवणे मला पटत नाही. झाड झाड म्हणून वाचवा. इमारतीचा हिशेब इमारतीतच चुकता झाला पाहिजे.

इमारतीच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद याहून अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतून पदवीच्या वर्गात पहिल्यांदाच बसणारी मुले-मुली आजही मोठ्या संख्येने येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातले नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. जागा वाढवायच्या तर इमारती लागणारच. ज्यांची मुले आधीच शिकली त्यांनी आता कार्बनचे कारण सांगून दार लावून घ्यायचे का? हा प्रश्न बोचरा आहे आणि तो विचारण्याचा अधिकार त्या तालुक्यांना आहे.

पण विद्यार्थ्यांच्या जागा आणि इमारतीचे चौरस फूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा धरले तर एका वर्गखोलीचे आठवड्याचे साठ तास होतात. समजा ती खोली त्यातले तीस तास वापरात आहे आणि त्या तीस तासांतही शंभर बाकांवर साठच मुले बसतात. मग त्या खोलीचा खरा वापर तीस टक्के. म्हणजे शंभरातल्या सत्तर चौरस फुटांचे सिमेंट आपण आधीच खर्च केले आहे आणि ते कुलूपबंद आहे. अशा वेळी नवी विंग मागणे म्हणजे घरात भरलेली कणगी असताना बाजारातून उधारीवर धान्य आणणे.

ही कुलुपे का लागतात, हेही सांगायला हवे. खोली विद्यापीठाची नसते, विभागाची असते. किल्ली विभागाच्या शिपायाकडे. वेळापत्रक प्रत्येक विभाग आपापले लावतो आणि सगळ्यांनाच दहा ते एक हवे असते. परिणामी सकाळी अकराला एका विभागाची मुले व्हरांड्यात उभी असतात आणि शेजारच्या मजल्यावर तीन खोल्या रिकाम्या. यावर उपाय आहे, फक्त तो अप्रिय आहे. सर्व खोल्या एका मध्यवर्ती वेळापत्रक कक्षाच्या ताब्यात द्यायच्या, साठ, शंभर आणि दीडशे क्षमतेच्या खोल्या वेगळ्या काढून पटसंख्येप्रमाणे वाटायच्या आणि सकाळी आठचे सत्र खरोखर आठला सुरू करायचे. प्रयोगशाळा याला अपवाद. तिथली उपकरणे हलत नाहीत आणि तयारीला वेळ लागतो, हे मान्यच. प्राध्यापकांना सकाळी आठला पोहोचणे जड जाते, दुरून येणाऱ्या मुलींना तर त्याहून जड. म्हणून बसचा प्रश्न याच हिशेबात धरावा लागतो. त्याकडे पुढे येतोच.

या बाबतीत नाशिकला बाहेरून धडे घ्यायचीही गरज नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच शहरातून चालते. राज्यभरात त्याची अभ्यासकेंद्रे आहेत आणि ती बहुतांशी आधीपासून उभ्या असलेल्या महाविद्यालयांत भरतात. दुसऱ्याच्या खोल्या, त्यांच्या रिकाम्या वेळी. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास असाच हिशेब मांडला तेव्हा पूर्णवेळ निवासी शिक्षणाच्या तुलनेत दूरशिक्षणात विद्यार्थ्यामागचे उत्सर्जन सुमारे ८५ टक्क्यांनी कमी भरले. कारणे साधीच : रोजचा प्रवास कमी आणि इमारत कमी. सगळे शिक्षण दुरून व्हावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. नर्सिंग, अभियांत्रिकी, शेती हातानेच शिकावी लागते. पण एका इमारतीत दोन संस्था नांदू शकतात हे आपल्या शहराने पस्तीस वर्षे चालवून दाखवले आहे, मग नव्या संकुलाच्या नकाशात ते एकदाही का दिसू नये?

बांधायचेच असेल तर काय बांधावे? वसतिगृह. हजार खुर्च्यांचे सभागृह, जे वर्षात दहा-बारा दिवस भरते, त्याऐवजी पेठच्या मुलीला राहायला खोली. तिचा प्रवास वाचतो, शिक्षण टिकते आणि ती इमारत रोज चोवीस तास वापरात राहते. सुरगाण्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे.

आणि बांधायचे तर कसे? नाशिकला निसर्गाने झुकते माप दिले आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची, उन्हाळ्यातही रात्री उतरणारा पारा, जूनपासून वारा. मार्च ते मेचे दुपारचे काही तास सोडले तर पंख्यावर निभावते. तरीही पश्चिमेला तोंड करून काचेच्या भिंती उभ्या राहतात. अशा इमारतीच्या प्रवेशदालनात एप्रिलच्या दुपारी जाऊन पाहा. काच तापलेली, तिच्या आतून जाड पडदे ओढलेले, पडद्यांमुळे अंधार म्हणून भर दुपारी दिवे चालू आणि दिव्यांच्या वर एसी. उजेडासाठी काच लावली, ती झाकायला पडदा आणला आणि मग उजेडासाठी वीज जाळली.

इथे भूमिती आडवी येते. आपण सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत. एप्रिलच्या मध्यावर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या पाच फुटी खिडकीला दोन फुटी छज्जा पुरून उरतो. पण साडेचारला सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून तीस-बत्तीस अंशांवर येतो आणि तोच छज्जा तशाच खिडकीचा वरचा जेमतेम सव्वा फूट झाकतो. बाकीचे ऊन थेट बाकावर. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम हवी, मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण हव्यात आणि पश्चिमेच्या टोकाला जिना, स्वच्छतागृह, भांडारखोली टाकावी. याला एक रुपया जास्त लागत नाही, फक्त कागदावर योग्य वेळी रेघ ओढावी लागते. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांना मधला चौक होता तो हौसेपोटी नव्हता. चौकामुळे खोलीला दोन बाजूंनी हवा मिळे. एकेरी खोल्या आणि बाजूने व्हरांडा ठेवला तर तेच साधते. दोन्ही बाजूंना खोल्या आणि मध्ये अंधारा बोळ काढला की व्हरांड्याची जागा वाचते खरी, पण वाऱ्याची वाट बुजते आणि एसीची सुरू होते.

वरच्या मजल्याचे दुखणे छताचे. पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक हा त्यावरचा जुना, गवंड्यांना ठाऊक असलेला इलाज. पांढरा परावर्तक रंग स्वस्त पडतो, पण धूळ बसली की त्याचा गुण उतरतो आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा हात द्यावा लागतो. निविदेत सिमेंटचा प्रकार लिहून टाकावा : राखमिश्रित पीपीसी किंवा स्लॅगमिश्रित पीएससी. राख काही लांबून आणायची नाही, एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र शहराच्या कुशीतच आहे. एक व्यवहारी सूचनाही हवी. मिश्र सिमेंटची ताकद सुरुवातीला सावकाश चढते. ठेकेदाराने घाईने सेंट्रिंग काढले किंवा पाणी मारण्यात हयगय केली तर भेगा पडतात आणि दोष सिमेंटच्या माथी येतो. तेव्हा क्युरिंगचे, म्हणजे पाणी मारण्याचे, दिवस करारातच लिहावेत आणि त्यासाठी सांडपाणी प्रकल्पाचे नव्हे, चांगले पाणी द्यावे.

सौर पॅनेलच्या बाजूने एक म्हणणे खरे आहे : ती स्वस्त झाली आहेत आणि बसवायलाच हवीत. माझा आक्षेप क्रमाला आहे. एक हजार जुने पंखे काढून ७५ वॉटऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे लावले, ते दिवसाला आठ तास आणि वर्षाला दोनशे दिवस फिरले, तर ७२ हजार युनिट वाचतात. साधारण ५० किलोवॉटचा सौर संच वर्षाला एवढीच वीज देतो आणि दोन्हींचा खर्चही जवळपास सारखाच येतो. पंख्याला ना सावलीची अडचण, ना सुटीची. सौर संचाचे तसे नाही. त्याचे सर्वाधिक उत्पादन मार्च ते मे, आणि नेमक्या त्याच काळात परीक्षा संपून खोल्या ओस पडतात. फेब्रुवारीनंतर पॅनेलवर धुळीचा थर बसतो, धुणारा माणूस कोणाच्या हजेरीपटावर नाही. पाण्याच्या टाकीची नाहीतर वाढलेल्या झाडाची सावली एका पॅनेलवर पडली की त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांचेही उत्पादन घसरते. मग कोणीतरी झाडच छाटतो. आधी गरज कमी करा, उरलेल्या गरजेइतके पॅनेल बसवा आणि टाक्यांच्या जागा पॅनेलच्या नकाशाबरोबर ठरवा.

यावर एक हुशार प्रतिवाद होतो. ग्रिड दरवर्षी स्वच्छ होत जाणार, भारताने २०७० चे नक्त शून्य उत्सर्जनाचे (नेट झिरो) उद्दिष्ट जाहीर केलेच आहे, मग आजच्या विजेच्या आकड्यांवर एवढा त्रागा कशाला? प्रतिवाद बरोबर आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. वीज स्वच्छ होत गेली तर चालू वापराचे उत्सर्जन आपोआप उतरेल. आज ओतलेल्या सिमेंटचे मात्र एक ग्रॅमही परत घेता येणार नाही. ग्रिड जितका सुधारेल तितका बांधकामाचा वाटा मोठा होत जाईल.

आता प्रवास. संकुल शहरापासून बारा किलोमीटरवर आहे आणि अडीच हजार मुले दुचाकीने येतात असे धरा. रोजचे चोवीस किलोमीटर, वर्षाचे दोनशे दिवस, लिटरला पंचेचाळीस किलोमीटर. वर्षाला पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पेट्रोल, आणि लिटरमागे २.३ किलोच्या दराने सहाशे टनांवर कार्बन डायऑक्साइड. दर दोन वर्षांनी पन्नास हजार चौरस फुटांची एक नवी इमारत उभी केल्यासारखेच हे आहे. पण ते संस्थेच्या कुठल्याच लेखापरीक्षणात दिसत नाही, कारण पेट्रोलचे पैसे बाप भरतो. शहराबाहेर जमीन स्वस्त मिळाली म्हणून संकुल तिथे गेले. वाचलेला पैसा संस्थेचा आणि वाढलेला प्रवास विद्यार्थ्याचा, वर्षानुवर्षे.

जुनी संकुले आता उचलून आणता येणार नाहीत, पण प्रवास कमी करता येतो. सिटीलिंकची बस २०२१ पासून धावते. ती महामार्गावरच्या फाट्यावर थांबली आणि तिथून मेच्या उन्हात दीड किलोमीटर चालायचे असेल तर मुलगा दुचाकीच घेणार. बस आतपर्यंत आली पाहिजे, वर्गाच्या दारापासून पाच मिनिटांत थांबा हवा, आणि तिची वेळ तासिकेशी जुळली पाहिजे. पावणेआठला पोहोचणारी बस नसेल तर आठच्या सत्राचा आग्रह धरण्याचा हक्क संस्थेला नाही. पार्किंग मात्र फाटकाशी ठेवा, वर्गापासून थांब्यापेक्षाही दूर. आज नेमके उलटे असते. वेळापत्रक आठवड्याच्या चार सलग दिवसांत बसवता आले तर सहा दिवस येणाऱ्या मुलाच्या फेऱ्या एक तृतीयांशाने कमी होतात. त्यासाठी ना सिमेंट लागते ना बस.

पाण्याबद्दल थोडक्यात. एक एकर हिरवळीला रोज चौरस मीटरला पाच लिटर धरले तर वीस हजार लिटर पाणी जाते. माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने दीडशे वसतिगृहवासींचे हे पाणी. फोटोत हिरवळ हिरवी दिसते, म्हणून ती ‘हरित संकुला’त मोडते. आणि पावसाचे पाणी जिरवायचा पुनर्भरणाचा खड्डा खालच्या अखंड बेसॉल्टवर खणला तर तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरून तसाच डबके होऊन राहतो. मुरूम किंवा भेगाळ खडक कुठे आहे ते आधी पाहावे लागते.

या सगळ्याच्या मुळाशी देखभालीचा पैसा आहे, आणि इथे मला पांडवलेण्यांची आठवण येते. त्रिरश्मी डोंगरातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. लेणे दान दिले एवढे सांगून तो थांबत नाही. त्याने तीन हजार कार्षापणांची (तेव्हाची नाणी) अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायचे. ही रक्कम गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवली : दोन हजार महिना शेकडा एक दराने, एक हजार महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेखात पुढे लिहिले आहे की पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो. ज्या गोवर्धनाच्या शिवारात आज मुक्त विद्यापीठ आहे, त्याच नावाच्या गावात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दात्याला कळत होते की वास्तू देणे हे निम्मे दान आहे.

आज आपण काय करतो? बांधकामाला अनुदान मिळते, देणगीदाराचे नाव कोनशिलेवर लागते, आणि तिसऱ्या वर्षी सांडपाणी प्रकल्पाचा ब्लोअर जळाला की दुरुस्तीचा प्रस्ताव टेबलांवरून फिरत राहतो. ब्लोअर बंद म्हणजे हवा नाही, हवा नाही म्हणजे जिवाणू मेले, आणि मग ते पाणी बागेलाही घालता येत नाही. टँकर सुरू होतो. लेण्यांचा दाखला इथे तंतोतंत लागू पडत नाही हे उघड आहे. कातळाला गंज चढत नाही, आणि भिक्षूंना लिफ्ट लागत नसे. पण म्हणूनच आजच्या इमारतीला अक्षयनीवीची गरज जास्त आहे. वर्षाला बांधकाम खर्चाच्या दोन टक्के देखभाल धरा आणि ठेवीवर सात टक्के व्याज. हाताशी दहा कोटी असतील तर इमारत पावणेआठ कोटींची बांधा आणि सव्वादोन कोटी त्याच दिवशी ठेवीत टाका. महागाई व्याज खात जाईल, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत, इमारत नवी असताना, उरलेले व्याज मुद्दलात घाला. इमारत लहान होईल? होऊ द्या. तिचे चौरस फूट कमी झाले की पहिल्या हिशेबातले सिमेंटही कमी झाले.

उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात सौरऊर्जा, पर्जन्यजल, हरित परिसर यांची नोंद होते आणि स्थळनोंद असलेले फोटो जोडले जातात. फोटोत पॅनेल दिसते, ते धुतले जाते का हे दिसत नाही. खड्डा दिसतो, त्यात पाणी मुरते का हे नाही. म्हणून कुठल्याही नव्या इमारतीच्या प्रस्तावाला आधी एक साधा तक्ता जोडणे सक्तीचे व्हावे, अशी माझी मागणी आहे. एक आठवडा, रोज दर तासाला, प्रत्येक खोलीत जाऊन पाच गोष्टी लिहायच्या : खोली क्रमांक, बाके किती, मुले किती, पंखे किती चालू, एसी चालू की बंद. राष्ट्रीय सेवा योजनेची वीस मुले हे काम सहज करतील. वेळापत्रकावरून तक्ता भरायचा नाही, कारण वेळापत्रकात सगळ्या खोल्या भरलेल्याच असतात. आणि तो सुटीत किंवा सत्राच्या पहिल्या आठवड्यात करून उपयोग नाही. प्रवेश पूर्ण होऊन वर्ग नियमित भरू लागले की, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावा.